आमचा कप

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. ती तिथं जर्मन भाषेच्या वर्गाला जाते. तिकडं शिकायला जायचं, तर आधी त्यांच्या भाषेची परीक्षा द्यावी लागते. म्हणाली, "आजी, त्यांच्यात टेबल बाप्या, दिवा बाई, असलं सगळं पाठ करावं लागतं गं. डोकं उठतं." मी म्हटलं, "मग आपल्यात काय वेगळं आहे? तो भात, ती भाकरी, ते पिठलं. आपल्याला कोणी शिकवलं नाही म्हणून कळत नाही एवढंच." ती हसली, आणि मला आमची पाहुणी आठवली. भात बाप्या का आणि भाकरी बाई का, हे तिनं मला चुलीपुढं बसून विचारलं होतं, आणि मला काही सांगता आलं नव्हतं.

ही गोष्ट 1981 सालची. आमचं गाव फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या बाजूला. यांचे एक मावसभाऊ पुण्याला कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या घरी अमेरिकेची एक मुलगी राहायला होती. त्यांचं पत्र आलं, की हिला पंधरा दिवस खेड्यात राहायचंय, तुमच्याकडं पाठवू का? हे म्हणाले पाठवा. मला कोणी विचारलं नाही. त्या काळी विचारायची रीत नव्हती. एस.टी.तून उतरली तेव्हा पाठीवर गोणीएवढी पिशवी आणि अंगात पंजाबी ड्रेस. वाकून आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पाया पडली आणि म्हणाली, "मी भूक आहे." सगळं घर हसलं. बिचारीला म्हणायचं होतं, मला भूक लागलीय. त्यांच्या भाषेत भूक 'लागत' नाही, माणूसच भुकेला असतो. आपल्याकडं भूक लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते, लळा लागतो. हे सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं.

तुम्हाला वाटेल, एवढ्या लांबून ही पोर मराठी कशाला शिकायला आली? मलाही तेच वाटलं आणि मी विचारलंही. वाटलं होतं, ज्ञानोबा-तुकोबांचं काही सांगेल. पण पोर खरी. म्हणाली, "पदवीसाठी लागते." त्यांच्या पुष्कळ कॉलेजांत असा नियम असतो, की शेतकीचं शिका, गणित शिका, काहीही शिका, पण एखादी परकी भाषा आणि परक्या लोकांची संस्कृती यांचे इतके इतके क्रेडिट मिळवल्याशिवाय पदवी नाही. क्रेडिट म्हणजे आपल्या सोसायटीच्या खात्यासारखं. अभ्यासाचा एकेक हप्ता भरायचा आणि खात्यावर जमा करायचा. बहुतेक मुलं वर्गात बसून फ्रेंच नाहीतर स्पॅनिश शिकून तो नियम उरकतात. पण परदेशी जाऊन अर्धं वर्ष, ज्याला ते सेमिस्टर म्हणतात, तिथंच राहून शिकलं तर भाषेचे आणि संस्कृतीचे असे दोन्ही हप्ते एकदम भरले जातात. मात्र निघण्याआधी आपल्या कॉलेजातल्या मार्गदर्शकाकडून कोणता विषय कशाच्या खाती धरणार ते कागदावर लिहून घ्यावं लागतं. नाहीतर परत गेल्यावर म्हणतात, हे आमच्यात धरत नाही. आपल्याकडं दाखल्यावर तलाठ्याची सही आधी घ्यावी तसंच. नातीलाही मी हेच सांगितलं, आधी लिहून घे.

खरं सांगते, मला तेव्हा जरा वाईटच वाटलं. आपली भाषा म्हणजे हिच्या परीक्षेची पायरी! मग माझंच मला हसू आलं. आपली पोरं इंग्रजी कशासाठी शिकतात? शेक्सपिअरसाठी का? मॅट्रिकला पस्तीस मार्क पडावेत म्हणून. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेली, इंग्रजीच्या नावानं तेवढंसुद्धा नाही.

पण ही पोर एकटी नव्हती हे पुढं कळलं. 1957 साली रशियानं स्पुटनिक आकाशात सोडला, अमेरिका दचकली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी कायदा करून शाळा-कॉलेजांना पैसा दिला. त्यात परदेशी भाषा शिकवण्यासाठीही पैसा होता. पेनसिल्व्हेनिया, शिकागो, मिनेसोटा अशा विद्यापीठांतून मराठी शिकवली जाऊ लागली. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट नावाच्या बाई इतिहास शिकवायच्या. त्यांनी डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ यांवर प्रबंध लिहून 1969 साली डॉक्टरकी मिळवली होती. आणि आमच्या फलटणला तर मॅक्सिन बर्नसन बाई राहायलाच आल्या होत्या. अमेरिकेत जन्मल्या, पुढं भारताच्या नागरिक झाल्या, गरिबाच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्यात त्यांनी जन्म काढला. त्यांची प्रगत शिक्षण संस्था आमच्या भागात कोणाला माहीत नाही असं नाही. त्यांनी आणि फलटणच्याच जाई निंबकरांनी मिळून परदेशी मुलांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते 1975 साली अमेरिकेत छापलं गेलं. आमच्या पाहुणीच्या पिशवीत ते होतं. फलटणच्या माणसांनी लिहिलेलं पुस्तक अमेरिकेला जाऊन परत फलटण तालुक्यात आलं, याची गंमत यांना फार वाटली. चारचौघांत सांगायचे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरात सांगण्याजोगी आहे. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना रेशनचा तो लाल गहू आठवत असेल. पीएल 480 म्हणायचे त्याला. तो फुकट नव्हता. आपलं सरकार त्याचे पैसे रुपयांत मोजायचं आणि ते रुपये अमेरिकेच्या नावानं इथंच बँकेत साठायचे. साठले एवढे, की खर्च कुठं करावेत कळेना. त्यातल्या काही रुपयांतून 1962 पासून अमेरिकेच्या ग्रंथालयांनी आपली पुस्तकं विकत घेतली, मराठीसुद्धा, आणि इकडं शिकायला येणाऱ्या त्यांच्या अभ्यासकांनाही त्यातून पैसे मिळाले. म्हणजे आपण ती चिवट चपाती खाल्ली आणि त्या पैशानं आपलीच पुस्तकं तिकडं जाऊन बसली. चांगलं का वाईट, ते तुम्ही ठरवा. यांचं म्हणणं, निदान पुस्तकांना वाळवी लागणार नाही.

असो. पाहुणी घरात रुळली. पहाटे आमच्याबरोबर टमरेल घेऊन परसाकडं यायची, त्याचं तिला काही वाटेना, आम्हालाच वाटायचं. 'ळ' मात्र तिला शेवटपर्यंत आला नाही. "मी केलं खाल्लं" म्हणायची, आणि आमचा धाकटा विचारायचा, "काय केलं ते सांग की!" आत्याबाईंना पहिले दोन दिवस ती आवडली नाही. चुलीजवळ येऊ नको म्हणाल्या. मग तिसऱ्या दिवशी तिनं तो टेपरेकॉर्डर काढला आणि जात्यावरच्या ओव्या म्हणायची विनंती केली. आत्याबाईंनी स्वतःचाच आवाज डब्यातून ऐकला, आणि पोर त्यांच्या मायेची झाली. त्या दिवसापासून चुलीपुढं तिचा पाट पडला.

आता कपाचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले.

भुईमूग काढणीला आला होता. शेंगा तोडायला बाया यायच्या. त्यातली एक आमच्याकडं बारा महिने रोजानं होती. तिचं नाव मी लिहीत नाही, तिची नातवंडं हा अंक वाचतात. पाहुणी तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही इथं मावशीच लिहिते. तेव्हा म्हणत नव्हते. मावशी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेली कपबशी असायची. मावशी आली की ती काढायची, पुढं ठेवायची, मी वरून चहा ओतायचे, ती प्यायची आणि धुऊन परत कोनाड्यात ठेवायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच. मला त्यात काही दिसायचंच नाही. दावणीला गुरं बांधतात तसं, ते तिथं असायचं.

आणि असं नव्हतं, की घर अडाण्यांचं होतं. 1955 साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, ते यांना पाठ होतं. बाबा आढावांनी 1972 पासून 'एक गाव एक पाणवठा' म्हणून महाराष्ट्र पिंजून काढला. यांनी तालुक्याला त्यांचं भाषण ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आणि आमच्या मळ्यातली विहीर सगळ्यांना मोकळी केली, ती भांडून. विहीर मोकळी झाली. कोनाड्यातला कप तसाच राहिला, कारण तो बायकांच्या राज्यात होता.

पाहुणी वस्तूंची नावं गोळा करायची. एका सकाळी कोनाड्याकडं बोट करून म्हणाली, "हा कप कोणाचा?" मी म्हटलं, "कोणाचा नाही, जुना आहे." तिनं वहीत लिहिलं, जुना कप. माझा हात शेणात होता. मी तसाच गोवऱ्या थापत राहिले.

मावशीशी तिचं चांगलं जमलं होतं. आम्ही भराभर बोलायचो, मावशी सावकाश बोलायची. शेंगा तोडत दोघी दुपारभर बसायच्या. पाहुणीचे हात सोलवटले, पण तिनं ढीग घातला. मावशी सांगायची, "पोर कामाची हाय."

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. पाहुणी वही घेऊन पाटावर बसली. तिला आदल्या आठवड्यात 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक समजला होता. त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे. आपल्यात 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात आला, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहिला. हे समजल्यावर तिला फार आनंद झाला होता, येता-जाता म्हणून बघायची, "आपण जेवू या, आम्ही अमेरिकेचे." तर ती म्हणाली, "वहिनी, मला एक अडचण आहे. तुम्ही म्हणालात जुना कप. मावशी म्हणाली, तो आमचा कप. आमचा म्हणजे मी त्यात नाही. तुम्हीपण नाही. मग तो तुमच्या घरात कसा?"

तव्यावरची भाकरी करपली. तिचं बोलणं टोचून नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. ती खरंच व्याकरण विचारत होती. निदान तसं विचारायचं तिनं ठरवलं होतं. मी म्हटलं, "आमच्यात अशी रीत आहे." 'आमच्यात' म्हटलं, आणि मलाच ते कानाला लागलं.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तिनं तिच्या आजोळचं सांगितलं. तिच्या आईचं माहेर जॉर्जिया राज्यातलं. तिकडंही भुईमुगाचीच शेती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पायउतार झालेले त्यांचे अध्यक्ष कार्टर हेही तिथलेच, भुईमूग करणारे. तिच्या आजोबांकडं काळी माणसं कामाला असायची. त्यांना पाणी प्यायला वेगळी बरणी. गावातसुद्धा नळ दोन, गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा, वर पाटी लिहिलेली. 1964 साली कायदा झाला आणि पाट्या निघाल्या. "आजीच्या घरातली बरणी पुष्कळ वर्षं राहिली," ती म्हणाली. "मी लहान होते. मी विचारलं नाही."

तुम्हाला वाटेल, आता मी उठून तो कप फोडला असेल. नाही फोडला. मला राग आला होता, आणि भीती वाटत होती. कारण तिला परत जाऊन वीस पानांचा निबंध लिहायचा होता, संस्कृतीच्या क्रेडिटसाठी, आणि विषय होता आमचं घर. मी म्हटलं, "हे लिहू नकोस. आम्ही तुला पोटच्या पोरीसारखं ठेवलं. आमच्या घराची अब्रू अमेरिकेत नेऊ नकोस." तिचे डोळे भरले. पण म्हणाली, "गावाचं नाव लिहिणार नाही. तुमचं नाव लिहिणार नाही. ओव्या लिहीन, भाकरी लिहीन, विहीर लिहीन. पण कप नाही लिहिला तर मी फक्त भाषा शिकले, असं होईल." दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी धड बोलले नाही. चहा दिला, पण तोंड फिरवून.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई देवळात गेलेल्या असताना मी मावशीला घरातल्या स्टीलच्या कपात चहा दिला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून, हातात दिला. तिनं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग गोठ्यात गेली, कोनाड्यातला कप काढला, त्यात चहा ओतून घेतला आणि स्टीलचा कप पाण्यानं विसळून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "तुम्ही द्याल वो. उद्या म्हाताऱ्या आईनं बघितलं तर बोलणी मला. पोरगी जाईल निघून. मला हितंच ऱ्हायाचंय." माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला वाटलं होतं, मी काहीतरी देतेय. तिच्या लेखी मी तिची रोजंदारी धोक्यात घालत होते.

पाहुणी गेली. आत्याबाईंनी तिची खणा-नारळानं ओटी भरली. एस.टी. सुटेपर्यंत मावशीही लांब वडाखाली उभी होती. पाहुणी तिच्याकडं धावत गेली आणि गळ्यात पडली, सगळ्या स्टँडासमोर. मी बघत होते. मावशी अवघडली होती.

पुढच्या उन्हाळ्यात पाकीट आलं. आत टंकलिखित निबंधाची प्रत. थोरला अकरावीत होता, तो शब्दकोश घेऊन वाचून दाखवायचा. ओव्यांची चार पानं होती. मी भाकरी कशी थापते त्याचं एक पान होतं, ते ऐकून मला लाज वाटली, इतकं चांगलं लिहिलं होतं. कप एका परिच्छेदात होता. गावाचं नाव नव्हतं, शब्दाला जागली. आणि त्याच परिच्छेदात तिच्या आजीची बरणीही होती. जिथं आमचं लिहिलं तिथंच तिनं आपलंही लिहिलं होतं, कमी-जास्त न करता. मार्क चांगले पडले होते. पण कपाच्या परिच्छेदाशेजारी तिच्या शिक्षकांनी हातानं काहीतरी लिहिलेलं होतं. थोरल्यानं लावून लावून वाचलं: या घरातल्या सुनेला याबद्दल काय वाटतं? तिला विचारलं का?

तिनं पत्रात मला तेच विचारलं होतं. मी उत्तर लिहिलं, पावसाचं लिहिलं, गाईला कालवड झाली ते लिहिलं, शेंगदाण्याच्या चटणीची कृती लिहिली. त्या प्रश्नाचं लिहिलं नाही. दोन-तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली, मग थांबली.

मावशीचा मुलगा एस.टी.त कंडक्टर लागला आणि तिनं रोजानं येणं सोडलं. 1988 साली ती त्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली, नवं पातळ नेसून. आत्याबाईंना तेव्हा दिसत नव्हतं. त्यांनी आवाज ओळखला, "आलीस व्हय गं?" म्हणाल्या, आणि मला हाक मारली, "तिला चा टाक." मी पाट मांडला, सगळ्यांच्या कपांतला कप घेतला, चहा दिला. मावशी प्याली. प्याल्यावर सवयीनं कप घेऊन मोरीकडं निघाली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. जरा ओढाओढच झाली, मग तिनं सोडला.

कोनाड्यातली ती कपबशी गोठा नव्यानं बांधला तेव्हा दिसेनाशी झाली. गवंड्यांनी फोडली, का मातीबरोबर गेली, मला माहीत नाही. मी फेकली असं इथं लिहायला मला आवडलं असतं.